खोटा भार

दस्तगीरनं आधी डावा बदलला.
उजवा तसाच ठेवला, मुद्दाम.
'बघून घे बे येमूल,' म्हणाला,
'नंतर म्हणशील पैसे गेले, फरक काय पडला.'

अक्कलकोट रोडला, बंद सायझिंगच्या मागच्या भिंतीसमोर
माझा छोटा हत्ती उभा,
एक डोळा हळदीचा, एक चुन्याचा.
भिंतीवर दोन उजेड शेजारी शेजारी
अबोला धरलेल्या जावांसारखे.

पिवळ्यानं चौदा वर्षं भागवलं.
टॉवेलांचे गठ्ठे घेऊन नळदुर्ग, उमरगा, जहीराबाद.
त्याच्या उजेडात खड्डा दिसायचा
तो खड्ड्यात गेल्यावर.
तरी समोरच्यानं कधी शिवी घातली नाही,
हेही सांगितलं पाहिजे.

पंचवीस फूट मोजून गाडी, भिंतीवर खडूची आडवी रेघ.
दस्तगीर गुडघ्यावर, हातात स्क्रू ड्रायव्हर.
'एलईडी माजोरी असतो.
ह्याला मान खाली घालायला शिकवावं लागतं.
नाहीतर समोरच्याच्या डोळ्यात शिरतो,
आणि तो आंधळा झाला की येतो कुणाच्या अंगावर?
तुझ्याच की बे.'
अर्धा फेरा. पाव फेरा.
उजेड रेघेखाली उतरला,
भिंतीचे पोपडे मोजता यावेत इतका स्वच्छ.

मागच्या लाल काचेत त्यानं पांढरा घातलाच नाही.
'गुलाबी दिसतंय ते. ब्रेक मारलास तर
मागच्याला वाटेल वरात चाललीय.'
लाल काचेला लालच दाणा.

मग इंडिकेटर.
दांडी खाली केली आणि तो सुटलाच
टकटकटकटकटक
धाप लागल्यासारखा,
वळण यायच्या आधीच घाबरलेला.

'बिघडला?'
'छे. नवा बल्ब करंटच कमी पितो.
फ्लॅशरला वाटतं जुना उडाला.
एवढ्याशावर कोण जगतं, म्हणून बोंबलतोय.'
खिशातून त्यानं सोनेरी वडी काढली,
बोटाच्या पेराएवढी, दोन्हीकडे वायर.
'ही उजेड देत नाही. काहीच करत नाही.
जुन्या बल्बाच्या वाटणीचं नुसतं तापत बसते.'

टक.
टक.
चौदा वर्षांच्या त्याच चालीत.
मी वडीला बोट लावून पाहिलं.
चटका खरा होता.

विडी घरकुलात पोचेपर्यंत नऊ वाजले.
अम्मानं कारखान्याचं कार्ड परत करून दोन वर्षं झाली.
छातीचा फोटो दिव्यावर धरून डॉक्टर म्हणाले होते, बास आता.
सूप माळ्यावर गेलं, पानं कापायची कात्री
बायकोच्या शिवणाच्या डब्यात.
तिच्या रोजच्या हजार विड्या
मी टॉवेलांच्या भाड्यात भरून काढतो,
निघतात कधी, कधी नाही.
तरी टीव्हीसमोर बसली की
तिचा अंगठा तर्जनीवर फिरायला लागतो.
पान नाही, तंबाखू नाही, दोरा नाही.
वळते, टोक दुमडते, मांडीवर ठेवते.
पाहुणे आले की बायको मला खुणावते,
आणि मी जाऊन ते हात धरतो.
म्हणजे, धरायचो.

आज शेजारी बसलो आणि विचारलं,
'किती झाल्या?'
ती दचकली. बोटांकडे बघितलं, मग माझ्याकडे,
चोरी पकडल्यासारखं.
मी काही हसलो नाही.
'चारशे,' म्हणाली जरा वेळानं. 'तुझ्या दिव्याचं काय झालं?'

खाली नेलं तिला. हेडलाइट लावले.
गल्लीतलं कुत्रं उठून गेलं.
'लई पांढरं. दवाखान्यावाणी.'
मग बंद करून इंडिकेटर लावला.
टक.
टक.
गाडीला टेकून ती उभी राहिली.
भिंत नारिंगी व्हायची, विझायची,
तिचे हात दिसायचे, नसायचे,
आणि दर वेळी दिसताना
थोडे पुढे गेलेले असायचे.

बॅटरी उतरेल म्हणून मी चावीकडे वळलो.
'थांब रे,' अम्मा म्हणाली,
'पंचवीसचा कट्टा तेवढा पुरा होऊ दे.'